गाडी लागते? बसायची जागा, नजर आणि गोळीची वेळ सांभाळा. खिडकीबाहेर डोकं मात्र काढू नका

जुना जालना : ‘फलाटावर गाडी लागली’ असं आपण म्हणतो आणि ‘मला गाडी लागते’ असंही आपणच म्हणतो. पहिल्या लागण्यानं प्रवास सुरू होतो, दुसऱ्यानं तो नकोसा होतो. जालना बसस्थानकातून अंबड, भोकरदन, मंठा, परतूरकडं सुटणाऱ्या कुठल्याही एसटीत सकाळी चढून बघा. पदराचा बोळा तोंडाला लावून बसलेली एखादी बाई, नाहीतर आईच्या मांडीवर पांढरंफटक पडलेलं एखादं पोर हमखास दिसतं. बाकीचे लोक हसण्यावारी नेतात. ज्याला लागते त्यालाच माहीत.

यात हसण्यासारखं फार नाही. ७५ वर्षांपुढच्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास फुकट झाला, १७ मार्च २०२३ पासून बायांना निम्मं तिकीट झालं. तिकिटाची अडचण गेली, पण गाडी लागण्याची राहिली. डोळे दाखवायला छत्रपती संभाजीनगरला घाटी दवाखान्यात जायचं म्हटलं की म्हातारी म्हणते, ‘नको बाबा, वाटंतच जीव जाईल.’ पोरगी गावाहून रोज कॉलेजला ये-जा करायला नको म्हणते आणि घरच्यांना वाटतं तिला शिकायचंच नाही. हे टाळता येण्यासारखं आहे. बहुतेकांचं तर गोळीशिवायही भागतं.

कान एक सांगतो, डोळा दुसरं

गाडी लागणं हा पोटाचा आजार नाही. पित्तही नाही, अशक्तपणाही नाही. भांडण लागतं ते कान आणि डोळ्यात, पोट फक्त त्यात सापडतं.

कानाच्या पडद्याच्याही आत, हाडात दडलेल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या असतात. त्यात द्रव भरलेला असतो. गवंडी पातळी बघायला पाणी भरलेली नळी वापरतो, तसलंच हे. डोकं वळलं की द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. शेजारीच चुनखडीचे अगदी बारीक कण असतात, ते पुढं-मागं, खाली-वर जाण्याची खबर देतात. आता गाडीत बसून माणूस मोबाईल बघतोय. डोळा सांगतो, सगळं जागच्या जागी आहे. कान सांगतो, वळण आलं, ब्रेक लागला, खड्डा गेला. मेंदूला मेळ लागत नाही. मग जांभया येतात, तोंडाला पाणी सुटतं, थंड घाम येतो, चेहरा उतरतो, मळमळतं आणि शेवटी ओकारी. ज्यांचे दोन्ही कानांचे हे आतले भाग निकामी झालेले असतात त्यांना गाडी लागत नाही, म्हणजे मूळ कुठं आहे ते कळतं.

ड्रायव्हरला का लागत नाही, याचंही उत्तर इथंच आहे. वळण कधी घ्यायचं, ब्रेक कधी दाबायचा हे त्याला आधी माहीत असतं. नजर रस्त्यावर असते. डोळा, कान आणि डोकं एकाच बोलीत बोलतात. ज्यांना शेजारच्या सीटवर बसून लागते तेच स्वतः चालवायला बसले की ठणठणीत असतात, ते यामुळंच.

जुनी माणसं म्हणतात, आमच्या बैलगाडीत कुणाला लागत नव्हतं. त्यात तथ्य आहे. बैलगाडीचे धक्के बारीक आणि पटापट असतात. माणसाला जास्त त्रास होतो तो संथ हेलकाव्याचा, साधारण पाच सेकंदाला एक झोका या चालीचा. जहाज असंच हलतं, मऊ स्प्रिंगांची मोठी गाडी घाटात अशीच झुलते, जत्रेतला पाळणाही तसाच. शिवाय बैलगाडी चारी बाजूंनी उघडी, वारा लागतो, रस्ता दिसतो, डिझेलचा वास नाही.

कुणाला जास्त लागते? दोन वर्षांच्या आतल्या लेकराला क्वचितच. दोन ते बारा या वयात सगळ्यात जास्त. पुढं कमी होत जातं. पुरुषांपेक्षा बायांना जास्त, त्यातही पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणात. ज्यांना अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनाही जास्त. यात लाजण्यासारखं काही नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षं बीगल जहाजावर फिरला आणि त्याला समुद्र लागायचा थांबला नाही. जगाला नवं शास्त्र देणारा माणूस, पण बोटीत आडवा पडून असायचा.

एसटीत कुठं बसायचं

निम्मं काम जागेनंच होतं. पुढचं चाक आणि मागचं चाक यांच्या मधली जागा सगळ्यात कमी हलते. त्यातही पुढच्या बाजूच्या, तिसऱ्या-चौथ्या ओळीतल्या सीट चांगल्या, तिथून समोरची काच दिसते. मागचा लांब बाक सगळ्यात वाईट. तो मागच्या चाकाच्याही मागं असतो, त्यामुळं खड्डा आला की उडतो आणि वळणावर झाडूसारखा फिरतो. गर्दीच्या गाडीत उशिरा चढणाऱ्याच्या वाट्याला तोच येतो. म्हणून गाडी लागणाऱ्यानं गाडी फलाटावर यायच्या आधी उभं राहावं, आणि सरळ वाहकाला सांगावं की गाडी लागते, पुढं जागा द्या. बहुतेक वाहक देतात. ओकारी पुसायची वेळ कुणालाच नको असते.

काळीपिवळीत किंवा जीपमध्ये मागं दोन बाजूंना समोरासमोर बाक असतात. तिथं माणूस आडवा बसतो, तोंड एकीकडं आणि गाडी दुसरीकडं. बाहेरचं दिसत नाही, दिसतात ती समोरच्याची गुडघी. लागणाऱ्याला तिथं कधी बसवू नये. पोरांना शाळेत नेणाऱ्या गाड्यांत मात्र नेमकं बारक्या पोरांनाच मागं कोंबलेलं असतं. पोर रोज ‘शाळेत जायचं नाही’ म्हणत असेल तर एकदा गाडीत कुठं बसतं ते विचारून घ्या. पुढं तोंड करून, खिडकीतून दिसेल अशी जागा बदलून दिली तरी फरक पडतो.

शिवशाहीसारख्या एसी गाडीत काचा उघडत नाहीत. भाडं जास्त देऊनही काहींना त्यात साध्या लालपरीपेक्षा जास्त लागते. तिथं वरची हवेची झोत तोंडावर वळवून घ्यावी. विजेच्या बस आल्यात, त्यात इंजिनाचा आवाज नसतो आणि ड्रायव्हरनं पाय उचलला की गाडी आपोआप आवळते. पुढं काय होणार याचा अंदाज अंगाला येत नाही, त्यामुळं काहींना त्या जास्त लागतात.

जमत असेल तिथं रेल्वे बरी. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं जालना स्टेशन जुन्या जालन्यातच आहे आणि मनमाड, नांदेड, मुंबईकडं जायला गाड्या आहेत. वळणं मोठी, ब्रेक हळू, उठून फिरता येतं. गाडी ज्या दिशेला चाललीय त्या दिशेला तोंड येईल अशी खिडकी धरावी. रात्रीचा प्रवास असेल तर आडवं पडून डोळे मिटावेत. झोपलेल्या माणसाला सहसा लागत नाही, कारण डोळ्याची साक्ष बंद असते.

नजर लांब, मोबाईल खिशात

समोर लांब बघावं. शेताचा बांध, डोंगराची कड, आभाळ टेकतं तिथवर. खिडकीला लागून पळणारी झाडं मोजत बसू नये, त्यानं उलट वाढतं. डोकं सीटला टेकवून ठेवावं, सारखी मान वळवू नये. समोर बघायची सोय नसेल तर डोळे मिटून घ्यावेत, तेही चालतं.

पेपर वाचणं, मोबाईल बघणं, मेसेज लिहिणं बंद. लेकरू रडू नये म्हणून आईबाप त्याच्या हातात मोबाईल देतात आणि अर्ध्या तासानं ते अंगावर ओकतं. मग दोष जातो सकाळी पाजलेल्या दुधाला. गाणी ऐकवा, गोष्ट सांगा, पुढून येणाऱ्या गाड्यांचे रंग विचारा. कान चालू राहू द्या, डोळे बाहेर असू द्या.

पोट भरलेलंही नको, रिकामंही नको

उपाशी निघालं म्हणजे ओकारी होत नाही, हा समज चुकीचा आहे. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते, आणि ओकायला काहीच नसलं की नुसते उमाळे येतात, ते जास्त वाईट. मधुमेहाच्या माणसानं तर गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवास मुळीच करू नये, साखर एकदम खाली येऊ शकते. निघायच्या दीड-दोन तास आधी हलकं खावं. चतकोर भाकरी आणि साधं वरण, थोडे पोहे, केळ, बिस्किट. तळलेलं, तिखट, तूप-तेल सुटलेलं टाळावं. थांब्यावरची मिसळ आणि भजी परतीच्या प्रवासासाठी ठेवलेलीच बरी, नव्हे, घरी पोचल्यावरच.

लग्नाचं वऱ्हाड याचा नमुना आहे. दुपारच्या उन्हात पंगत उठते, पोटभर बुंदी आणि भाजी झालेली असते आणि लगेच सगळे टेम्पोत. मागं ताडपत्री, वारा नाही, आडवी बैठक. अर्ध्या वाटेत एक जण सुरू करतो आणि वासानं पाठोपाठ चौघं. जेवणानंतर निदान तासभर थांबून निघालं तर नवरीही सासरी वेळेतच पोचते.

वास हा मोठा कारभारी आहे. डिझेल, अत्तर, डॅशबोर्डवरची उदबत्ती, कुणीतरी चघळलेला गुटखा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, हे शेजाऱ्याला सांगून उपयोग होईलच असं नाही, पण खिडकी चार बोटं उघडता येते. दारू पिऊन प्रवासाला बसणाऱ्याला लागणारच.

घरचे उपाय : कशाचा किती उपयोग

आलं. घरच्या उपायांमध्ये थोडाफार पुरावा असलेलं हेच. निघायच्या अर्धा-एक तास आधी आल्याचा छोटा तुकडा, आलेपाक किंवा आल्याचा कोरा चहा घ्यावा, वाटेत तुकडा चघळावा. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, पण नुकसान नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी मात्र डॉक्टरला विचारावं.

लिंबू, आवळा सुपारी, चिंचेची गोळी, बडीशेप यांनी तोंडाची चव बदलते आणि लाळ आवरते. आपल्या जिल्ह्यात मोसंबी भरपूर, जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिची साल चुरगाळून वास घेत राहिलं तर डिझेलचा वास तरी मागं पडतो. मोसंबी फोडून खायची असेल तर फोड-फोड करून, एका दमात रस पिऊन नव्हे.

मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वर, दोन शिरांच्या मधोमध दाबून धरायचा उपाय बरेच जण सांगतात. काहींना बरं वाटतं, पुरावा कच्चा आहे. फुकट आहे, करून बघायला हरकत नाही. सीटवर वर्तमानपत्र अंथरून त्यावर बसलं की गाडी लागत नाही, हे मात्र खरं नाही. पेपरचा उपयोग ओकारी झाल्यावर होतो.

‘मला लागतेच’ असं मनात धरून चढणाऱ्याला लवकर लागते, हेही तितकंच खरं. म्हणून घरच्यांनी बस सुटायच्या आधीपासून ‘आता ओकशील बघ’ म्हणत बसू नये. आणि सवय हे सगळ्यात जुनं औषध. रोज ये-जा करणाऱ्या पोरांचा त्रास काही आठवड्यांत बराच कमी होतो. पहिल्या चार दिवसांच्या त्रासावरून कॉलेज सोडायचा निर्णय घेऊ नये.

गोळी घ्यायची तर चढायच्या आधी

इथं लोक दोन चुका करतात. पहिली चूक वेळेची. ओकारी सुरू झाल्यावर गोळी घेतात. तोवर पोटाचं काम मंदावलेलं असतं, गोळी एकतर बाहेर पडते नाहीतर पोटात नुसती पडून राहते. या गोळ्या अडवणाऱ्या आहेत, थांबवणाऱ्या नाहीत. भोकरदन-सिल्लोडमार्गे जळगावला जाताना घाट येतो तो अजिंठ्याचा, धुळ्याकडं जाताना कन्नडचा, सप्तशृंगीला जाताना नांदुरीपासून गडापर्यंत नुसती वळणंच. घाटाच्या पायथ्याला गोळी काढून उपयोग नाही, ती जालन्यातच घ्यायला हवी होती.

दुसरी चूक गोळीची. मेडिकलवर जाऊन ‘उलटीची गोळी द्या’ म्हटलं की पुष्कळदा ऑन्डान्सेट्रॉन हातात पडतं. जुलाब-उलटीत, ऑपरेशननंतर ते चांगलं औषध आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा उपयोग होत नाही. कारण त्रास कानातून सुरू होतो. मेडिकलवाल्याला ‘गाडी लागण्याची गोळी’ असं स्पष्ट सांगावं.

या कामाची औषधं म्हणजे प्रोमेथाझिन (ॲव्होमिन या नावानं ओळखीची गोळी हीच), मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिन्नारिझिन. प्रोमेथाझिन मोठ्या माणसानं लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना किंवा निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते. सिन्नारिझिन साधारण दोन तास आधी, बाकीच्या दोन अर्धा ते एक तास आधी. कुणाला कुठली आणि किती, हे डॉक्टरला एकदा विचारून घ्यावं. एकदा विचारलं की पुढं कायमचं कळतं.

या सगळ्याच गोळ्यांनी कमी-जास्त गुंगी येते. ही गोष्ट गावाकडं फार महत्त्वाची आहे. माणूस संभाजीनगरहून रात्री येतो, फाट्यावर उतरतो, तिथं लावलेली मोटारसायकल काढतो आणि अंधारात सात-आठ किलोमीटर गावाकडं निघतो. गोळी अजून अंगात असते. गोळी घेतलेल्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, न्यायला कुणाला तरी बोलवावं. दारूबरोबर तर अजिबात नको. काचबिंदू, प्रोस्टेटमुळं लघवी अडकण्याचा त्रास, फिट, दमा असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला प्रोमेथाझिन कधीच द्यायची नाही, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. मोठ्या पोरालाही ‘मोठ्यांची अर्धी मोडून’ असा घरगुती हिशोब करू नये. गरोदर बाईनं स्वतःच्या मनानं कुठलीच गोळी घेऊ नये. आशाताईला विचारावं किंवा तपासणीला गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयात गेल्यावर तिथंच डॉक्टरला विचारून घ्यावं.

पहिल्यांदाच घेणार असाल तर एखाद्या मोकळ्या दिवशी घरी घेऊन बघा, किती झोप येते ते कळेल. परीक्षेला जाणाऱ्या पोरानं तर परीक्षेच्या दिवशी पहिली गोळी घेऊच नये.

डोकं बाहेर काढून ओकू नका

या लेखातली हीच एक गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल. ओकारी आली की माणूस भान हरपून खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येतो. उजव्या बाजूनं समोरचा ट्रक हातभर अंतरावरून जातो, डाव्या बाजूला झाडं, खांब, उसाच्या ट्रॉल्या. मध्य प्रदेशातल्या खंडवा भागात २०२१ साली बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकणाऱ्या एका मुलीचा शेजारून जाणाऱ्या ट्रकनं जीव घेतला. देशात असे प्रकार याआधीही झालेत. लेकरू खिडकीशी असेल तर आईनं त्याला आत ओढून पिशवीत ओकू द्यावं. कपडे खराब झाले तर धुता येतात.

म्हणून प्रवासाला निघताना दोन-तीन पिशव्या, जुना टॉवेल, पाण्याची बाटली हाताशी ठेवावी, वरच्या फळीवरच्या बॅगेत नव्हे. पिशवी फाटकी नाही ना ते आधी फुंकून बघावी. भरलेली पिशवी गाठ मारून पायाशी ठेवावी आणि उतरल्यावर कचऱ्यात टाकावी. चालत्या गाडीतून फेकली की ती मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर जाते.

समृद्धी महामार्गाचं वेगळं सांगावं लागतं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. जालन्याजवळून चढलं की वळणं कमी, त्यामुळं गाडी कमी लागते, हे खरं. पण लागलीच तर लोक कडेला गाडी उभी करतात आणि सगळं कुटुंब रस्त्यावर उतरतं. मागून येणारी वाहनं १०० च्या पुढच्या वेगानं येत असतात, ड्रायव्हरला डुलकी लागलेली असू शकते. तिथं ओकारीसाठी थांबायचं नाही. पिशवी वापरायची आणि पेट्रोल पंपावर किंवा उतरणीच्या फाट्यावर जाऊनच थांबायचं. घाटातही तेच, वळणावर नव्हे, रुंद जागा बघून.

ओकारी झाल्यावर लगेच घटाघटा पाणी पिऊ नये. चूळ भरावी, घोट-घोट पाणी किंवा मीठ-साखरेचं पाणी घ्यावं. गाडी थांबल्यावर पाच-दहा मिनिटं सावलीत बसावं, कपड्याची बटणं सैल करावीत. एका ओकारीसाठी सलाईन चढवायची गरज नसते.

हे गाडी लागणं नव्हे

गाडी लागलेला माणूस गाडीतून उतरल्यावर थोड्या वेळात माणसात येतो. तसं झालं नाही तर दुसरं काहीतरी आहे. पन्नाशीच्या पुढचा माणूस, त्यातून मधुमेह, आणि ओकारीबरोबर दरदरून घाम, छातीत दडपण, हात किंवा जबडा दुखणं असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं हा पक्षाघात. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या टेम्पोतून आलेल्याचं अंग तापलेलं आणि बडबड चालू असेल तर उष्माघात. बंद काचांच्या कारमध्ये सगळ्यांचंच डोकं एकाच वेळी दुखून मळमळायला लागलं तर धूर आत येत असेल, आधी काचा उघडून बाहेर पडा.

कपाशीच्या पट्ट्यात आणखी एक. दिवसभर फवारणी करून संध्याकाळी गावाला निघालेला माणूस गाडीत ओकायला लागला, लाळ गळतेय, घाम फुटलाय, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात, दिसत नाही म्हणतोय, तर ती विषबाधा समजावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशाच फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला आलं किंवा लिंबू चघळायला देत बसू नये. अंगावरचे कपडे काढून अंग साबणानं धुवावं, औषधाचा डबा सोबत घ्यावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ नंबर फुकट लागतो.